सुक्याचा डबा आणि वाघ्याचे ताट

पालघरहून किंवा बोरिवलीहून गाडीत बसलेला आमच्यापैकी एखादा गृहस्थ बडोद्याच्या स्थानकावर उतरला, की त्याच्या हातातील एका पिशवीकडे पाहूनच जाणत्यांस सारे कळते. ती पिशवी इतर सामानापासून अंमळ दूर धरलेली असते. तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, आणि त्या सर्वांवर वर्तमानपत्राचे दोन पदर. एवढी तटबंदी करूनही सहप्रवाशांनी वाटेत दोनतीनदा नाकाला रुमाल लावलेला असतोच. पिशवीत सोडे असतात, बोंबील असतात, शेरभर जवळा असतो आणि निघतेवेळी मामींनी किंवा आत्याबाईंनी आग्रहाने कोंबलेले खारे बांगडे असतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, की पुढचे दोनअडीच महिने ज्याच्या जिवावर काढावयाचे, ती ही बेगमी.

समुद्रापासून दूर, शाकाहाराचा एवढा दबदबा असलेल्या या शहरात ही आवड टिकली, याचे श्रेय आमच्या जुन्या घराण्यांना आहे. गायकवाडांच्या दरबारात रावजी आप्पाजींसारखे कायस्थ प्रभू दिवाणपदाला चढले. १८०२ मध्ये इंग्रजांशी झालेला बडोद्याचा करार त्यांच्याच कारकिर्दीतला. अशा मंडळींबरोबर कोकणपट्टीतील चवीही बडोद्यास आल्या आणि रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील वाड्यांतून रुजल्या. पुढे मकरपुऱ्याकडे कारखाने उभे राहिले, कुटुंबे वाढली, वाडे अपुरे पडू लागले आणि आमच्यापैकी कित्येकांनी शहराच्या दक्षिण अंगाला तरसालीत घरे केली. वाड्यात स्वयंपाकघरामागे चौक होता. सोसायटीत भिंतीला भिंत लागून शेजार आला. शेजारी सज्जन, अडीअडचणीला धावून येणारे, परंतु कांदाही वर्ज्य मानणारे. तेव्हा सुक्याचा डबा स्वयंपाकघरातून उठला आणि मागल्या दारी, मोरीच्या कट्ट्यावर गेला. आमच्या या लेखाचे मूळ त्या कट्ट्यावरच आहे.

कारण मागल्या दारी वाघ्या असतो.

वाघ्या हा चौदा किलो वजनाचा, तांबूस रंगाचा, अस्सल गावठी कुत्रा. पावसाळ्यात एकदा आमच्या फाटकात भिजत उभा राहिला आणि मग गेलाच नाही. त्याला काय घालावे व काय घालू नये, याचा विचार आम्ही कधी फारसा केला नव्हता. पोळी, ताक-भात, मटणाच्या दिवशी हाड, आणि सुके शिजले त्या दिवशी ताटातले उरलेसुरले. मासळी खाणाऱ्या घरात कुत्र्यामांजरांनी मासळी खावी यात विशेष ते काय, अशीच आमची समजूत होती. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांची ती आजही असेल. गेल्या ज्येष्ठातील एका रविवारी ती समजूत चांगलीच हादरली.

त्या दिवशी आजींनी पाच खारे बांगडे भिजत घातले होते. ही कृती वाचकांस सांगावयास नको. बांगडा चिरून, साफ करून, मिठाने चोळून मिठाच्याच थरांत रचलेला असतो. तो तसाच तव्यावर टाकला तर तोंडात धरवत नाही. म्हणून तो दोनतीन तास पाण्यात ठेवावयाचा, मधून एकदा पाणी बदलावयाचे आणि मग तिखट-चिंच लावून भाजावयाचा किंवा तळावयाचा. वासाचा बोभाटा नको म्हणून पातेले मागल्या कट्ट्यावर ठेवले होते. पहिले पाणी बदलताना आजींनी ते जुन्या परातीत ओतले आणि परात तेथेच खाली ठेवली. तेवढ्यात पुढच्या दाराशी कोणी हाक मारली. परत येऊन पाहतात तो परात चाटूनपुसून लख्ख, आणि वाघ्या मिशा चाटत बसलेला. मासे पातेल्यात जसेच्या तसे होते. सर्वांना हायसे वाटले. नुसते पाणी तर प्यायला, त्याने काय होणार?

तासाभरात त्याला दोन वांत्या झाल्या. मग तो पाण्याच्या भांड्याशी जाऊन अधाशासारखा पाणी पिऊ लागला. दुपारी त्याची चाल बिघडली. मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. संध्याकाळी चारच्या सुमारास तोंडाचे स्नायू उडू लागले, तेव्हा आमच्याही तोंडचे पाणी पळाले. घरातील एका वडीलधाऱ्यांनी जुना उपाय सुचवला: 'मिठाचे पाणी पाजा, ओकून मोकळा होईल.' पेल्यात मीठ कालवलेसुद्धा होते. पण वाघ्या दात उघडीना, आणि रिक्षाही दाराशी आली, म्हणून ते तसेच राहिले.

पशुवैद्य डॉक्टर गुजराती गृहस्थ. हकीकत ऐकताच त्यांचा पहिला प्रश्न आला, 'बेन, मीठानुं पाणी पिवडाव्युं तो नथी ने?' नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाजले असते तर, ते म्हणाले, आगीत तेल ओतल्यासारखे झाले असते. बांगड्याच्या पाण्याने जे केले होते, तेच त्या पेल्याने पुरे केले असते.

त्यांनी आम्हांस जे समजावून सांगितले व नंतर आम्ही स्वतः जे वाचले, ते असे. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोनतीन ग्रॅम मीठ एकदम पोटात गेले, की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात; चार ग्रॅमांच्या आसपास ते प्राणावर बेतते. आमच्या चौदा किलोच्या वाघ्याचा हिशेब करा: अठ्ठावीस ग्रॅमांपासून धोका आणि छप्पन्न ग्रॅमांशी मृत्यू. आता बांगड्याकडे पाहा. चांगल्या मुरलेल्या खाऱ्या मासळीच्या वजनात पंधरा-वीस टक्के मीठ असू शकते. अर्धा किलो बांगड्यांत पंधरा टक्के धरले तरी पाऊणशे ग्रॅम होते, आणि पहिल्या पाण्यात त्यातले तिसरा हिस्सा ते निम्मे उतरते. म्हणजे जे पाणी आम्ही 'नुसते पाणी' म्हणत होतो, ते त्या पातेल्यातील सर्वांत घातक वस्तू होते. शिवाय त्याला मासळीचा वास! असे पाणी कुत्रा आवडीने पितो.

मीठ रक्तात वाढले, की ते शरीरातील पेशींमधून पाणी ओढून घेते, आणि त्याचा पहिला फटका मेंदूला बसतो. झोकांड्या, कंप, झटके ही सारी त्याचीच चिन्हे. यावर उपाय पाणीच, पण त्यातही मेख आहे. बराच वेळ लोटल्यावर एकदम भरमसाट पाणी दिले, तर आक्रसलेला मेंदू उलट सुजू लागतो. म्हणून लक्षणे दिसू लागल्यावर रक्तातील क्षाराचे प्रमाण पुन्हा पुन्हा तपासत, सलाइन अगदी संथपणे देत, ते हळूहळू खाली आणावे लागते. वाघ्याला दोन रात्री व एक दिवस तेथे ठेवावे लागले. खाल्ल्याखाल्ल्या लक्षात आले असेल आणि कुत्रा शुद्धीवर, चालताफिरता असेल, तर ताजे पाणी थोडे थोडे करून पुढे ठेवावे व तत्काळ डॉक्टरांकडे निघावे. घरगुती वांतीचे प्रयोग करू नयेत, हे त्यांनी आम्हांस दोनदा बजावले.

येथे कोणी म्हणेल, मग सुक्याचे नावच नको. परंतु आमच्या आजींना ते पटले नाही, आणि त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा निघाला. त्या म्हणाल्या, 'अरे, खारे वेगळे आणि सुके वेगळे. आमच्या माहेरी कोळीवाड्यातली कुत्री जन्मभर बोंबील खाऊन धष्टपुष्ट होती.' आजींचे हे वर्गीकरण शास्त्राला धरून आहे. बोंबील टिकतो तो उन्हावर. ताज्या बोंबलाच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. सातपाटी, अर्नाळा, वेसावे येथे दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंना ताणलेल्या दोरीवर ओळीने टांगतात, आणि ऊन व वारा त्यातील पाणी नेतात. त्यास मीठ लावण्याची परंपरेने गरज नाही. जवळाही तसाच, पसरून वाळवलेला. बांगडा चरबीचा मासा. नुसत्या उन्हाने तो खवट होईल, कुजेल, म्हणून त्यास मिठात पुरावे लागते. तेव्हा एकाच पिशवीतून आलेल्या या जिनसांत कुत्र्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणि नुसत्या वाऱ्याउन्हावर वाळलेल्या मासळीवर कुत्री पोसण्याची चाल काही कोळीवाड्यापुरती नाही. जेथे बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी कुत्री पाळीत, त्या अतिउत्तरेच्या प्रदेशांत ती शतकानुशतके सुक्या मासळीवरच राबली. रशियाच्या कामचाटका भागात अशा मासळीस 'युकोला' म्हणतात. अलास्कातील युकॉन नदीकाठी एका जातीचा सामन मासा कुत्र्यांसाठी वाळवीत; त्याचे व्यवहारातील एक नावही 'कुत्र्यांचा सामन' असे आहे. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवरही कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून बिनमिठाचाच सुकवतात. उलट पोर्तुगीजांनी गोव्यात रूढ केलेला कॉड, ज्यास ते 'बाकल्याव' म्हणतात, तो खारवलेला. पोर्तुगीज गृहिणी तो एकदोन दिवस पाणी बदलत बदलत भिजवते. म्हणजे बोंबील आणि बांगडा यांच्यातील भेद तिकडेही तसाच आहे.

तथापि बाजारातून आणलेला प्रत्येक बोंबील निर्मीठ असेल, अशी खात्री आज कोणी देऊ शकत नाही. माल लवकर खराब होऊ नये म्हणून काही ठिकाणी त्यासही मीठ लावतात, आणि सोड्यांचे तर घरोघरी निराळे. यावर आजींची परीक्षा सोपी आहे. अंगावर पांढरी पुटे दिसतात काय ते पाहावे, आणि एक कण जिभेच्या टोकाला लावावा. जो आपल्याला खारट लागला, तो कुत्र्यासाठी नाहीच. जवळ्यातील वाळूचीही आठवण ठेवावी. आपण तो तीन पाण्यांतून काढतो, मग कुत्र्याला मूठभर तसाच का टाकावा?

मात्र हा सारा कच्च्या मालाचा विचार झाला. आपल्या घरांतून कुत्र्याच्या वाट्याला येते ते ताटातले शिजलेले, आणि तेथे मिठाइतकाच दुसरा एक शत्रू आहे. तो म्हणजे कांदा. सुकटीची चटणी, सोड्यांची खिचडी, गोव्याकडचे किसमूर, यांपैकी कांद्यावाचून किंवा लसणीवाचून कोणती पाककृती होते? कांदा-लसणीतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढा कांदा एका वेळी पोटात गेला तर अपाय होऊ शकतो. दहा किलोच्या कुत्र्यास हे प्रमाण पन्नास ग्रॅम, म्हणजे एक लहानसा कांदा. लसूण त्याहून कितीतरी उग्र. शिजवल्याने, परतल्याने किंवा वाळवल्याने हे द्रव्य नाहीसे होत नाही. आणि खरी फसगत अशी, की परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तीनचार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते. तोवर चटणीची आठवण कोणाला राहते? मांजरांना तर कांदा कुत्र्याहूनही कमी प्रमाणात बाधतो. ज्यांच्या घरी मांजर सोड्यांच्या खिचडीचे ताट चाटते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

चिंचेविषयीही अलीकडे सावधगिरीचा इशारा मिळाला आहे. द्राक्षे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे का निकामी होतात, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मत मांडले, आणि हे आम्ल चिंचेत विपुल असते. आपल्या सुक्याच्या कालवणाला चिंच लागतेच. पारशी मंडळींच्या तारापोरी पातियोतही बूमला, म्हणजे आपला सुका बोंबीलच, आंबटगोड मसाल्यात शिजतो. चवीचा पदार्थ खरा, पण तो माणसांसाठी.

लोणच्यांसंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही. बांगड्याचे किंवा कोळंबीचे लोणचे म्हणजे मीठ, तेल, तिखट, लसूण, मोहरी आणि शिरका यांचे संमेलन. त्यातील एकही सभासद कुत्र्याच्या उपयोगाचा नाही. एवढे तेल एकदम पोटात गेल्यास स्वादुपिंडाचा दाह होण्याचे भय निराळेच. बरणी पुसलेला पोळीचा तुकडासुद्धा त्याच्यापुढे टाकू नये.

बांगडा, सुरमई, कुपा या मासळीसंबंधी आणखी एक गोष्ट आम्हांस नवी कळली. हे मासे पकडल्यानंतर उन्हात फार वेळ पडून राहिले, तर जंतूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. नंतर कितीही मीठ लावा, उन्हात वाळवा, तळा किंवा उकळा, ते जात नाही, आणि दर वेळी वासावरून कळेलच असेही नाही. माणसास त्याने अंगावर लाली येते, डोके ठणकते, मळमळते. कुत्र्यासही वांत्या व लाळ सुटते. त्यामुळे 'आपल्याला जरा शंका आली, टाका कुत्र्याला' हा जो घरोघरचा शिरस्ता आहे, तो आम्ही मोडला आहे. शंका आलेली मासळी कुत्र्यालाही नको.

आमचे कित्येक वाचक परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन राहतात. त्यांपैकी कोणी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे, सिएटल-पोर्टलंडच्या बाजूस असतील, तर तेथील कच्चा सामन किंवा ट्राउट कुत्र्याला मुळीच घालू नये. त्या भागातील माशांत एक सूक्ष्म कृमी असतो, व त्या कृमीच्या पोटात एक जंतू. माणसास तो काही करीत नाही. कुत्र्याला मात्र आठवडाभरात ताप, वांत्या, जुलाब होतात आणि उपचार न झाल्यास बहुधा तो दगावतो. मासा पूर्ण शिजवला तर हा धोका उरत नाही. धुरावलेला किंवा मिठात मुरवलेला सामन म्हणजे शिजवलेला नव्हे, एवढे ध्यानात असावे.

मग द्यावे तरी काय आणि कसे? आम्ही आता करतो ते सांगतो. कुटुंबासाठी कालवण फोडणीला टाकण्यापूर्वीच वाघ्याचा वाटा बाजूला काढतो. जिभेच्या परीक्षेस उतरलेला बोंबील असेल तर त्याचे डोके व शेपूट काढून, तासभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नव्या पाण्यात मऊ उकडतो. बोंबलाचा काटा मऊ, तरी बोटांनी चाचपून मधला कणा काढतो. वाकट्या व शिंगाळा यांचे काटे टणक, म्हणून ते त्याला देतच नाही. उकडलेले मांस भातात कुस्करावयाचे; मीठ, तिखट, तेल काही नाही. प्रमाण चवीपुरते. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये, असे पशुवैद्य सांगतात, आणि वाघ्याच्या ताटात आठवड्यातून एकदोनदाच बोंबील येतो. खारा बांगडा, कितीही भिजवलेला असो, त्याला नाही. कुत्रा म्हातारा असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर बोंबीलही डॉक्टरांना विचारल्यावाचून नको.

एक प्रश्न धर्माचाही निघाला. गायकवाडांचे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबापाशी कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की त्यातला वाटा कुत्र्यास घालण्याची चाल आमच्यापैकी पुष्कळ घरांत आहे. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगे त्या दिवशी पुन्हा सुरू होते, त्यामुळे भरितात कच्चा कांदा हटकून असतो. आता देवाच्या कुत्र्याला नैवेद्य नाकारावा कसा? आजींनीच तोड काढली. वांगे भाजून सोलले, की कांदा-मिरची घालण्याआधी एक लहान गोळा वेगळा ठेवावयाचा व रोडग्याबरोबर तो वाघ्यापुढे ठेवावयाचा. गेल्या चंपाषष्ठीस तसे केले. वाघ्याने रोडगा खाल्ला, वांगे हुंगून सोडून दिले.

मागल्या दारची व्यवस्थाही बदलली आहे. खाऱ्याचा डबा आता काळ्या झाकणाचा, सुक्याचा पिवळ्या झाकणाचा, आणि दोन्ही खांद्याच्या उंचीच्या फळीवर. बांगडे भिजत घालावयाचे असले, की पातेल्यावर झाकण आणि झाकणावर पाटा. काढलेले पाणी थेट मोरीच्या तोंडाशी ओतून वरून दोन तांबे साधे पाणी. शेजारच्या बेनना ही सारी हकीकत त्याच वेळी कळली होती, कारण रिक्षा त्यांनीच बोलावली होती. त्यानंतर एके दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी हळूच विचारले, 'माजी, आजे पलाळ्युं छे के?' आज काही भिजवले आहे काय? आजी जरा ओशाळल्या व हो म्हणाल्या. बेननी वाघ्याला हाक मारून आपल्या ओट्यावर नेले, दोन तास तेथेच बांधून ठेवले आणि वर बिनमिठाची भाखरी घातली. तेव्हापासून आमच्याकडे बांगडे भिजत पडले, की आजी आधी कुंपणाशी जाऊन वर्दी देतात.